मार्थाबाईंची पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. प्रार्थनेत देवाला सांगायला गेलो, तर तिथंही अर्धंच सांगितलं — बाकीचं त्याला ठाऊकच असणार, म्हणून. सोयीचा देव!

कोल्हारजवळच्या आमच्या वाडीवरच्या चर्चमध्ये मी कीबोर्ड वाजवतो. शाळेत मास्तर होतो, आता घरी गाण्याचा क्लास घेतो. स्वर, सप्तक, लय शिकवतो. पट्टीचा धडा आला की सांगतो — प्रत्येक गळ्याचा ‘सा’ वेगळा. कुणाचा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या स्वरावर, कुणाचा पांढरी पाचला. पट्टी गाणाऱ्यानं ठरवायची, वाजवणाऱ्यानं तिथं जायचं. चांगलं ठणकावून सांगतो.

खरं सांगू? शाळेत मास्तर होतो तेव्हा मला स्वतःला एकच पट्टी येत होती. पांढरी एक. कीबोर्डला ट्रान्सपोज नावाचं बटण असतं — ते दाबलं की बोटं सवयीच्या जागीच फिरतात आणि आवाज मात्र हव्या त्या पट्टीत निघतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय हात आहे मास्तरांचा! मीही ते वाटू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मार्थाबाई त्या वेळी आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांचा गळा — काय सांगू — खालच्या सुरांत भरदार, जड. काळी चारमध्ये त्यांनी गीत उचललं की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारे ताठ बसायचे. नाताळाच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं, तेव्हा मुख्य गाणं त्यांचंच, यात वादच नव्हता. नगरहून रेकॉर्डिंगवाला आला. चर्चमध्येच माईक लागला. मार्थाबाई नवी साडी नेसून आल्या. आवाजाला साडी कशाला लागते, म्हणून आम्ही त्यांना चिडवलंही. आणि वीज गेली. रेकॉर्डिंगवाल्याचं यंत्र बॅटरीवर चालायचं. तो म्हणाला, कीबोर्ड राहू द्या, ती कोपऱ्यातली पेटी घ्या, उलट जास्त गोड येईल.

आमच्या त्या जुन्या पेटीला कुठलं बटण? मी तेव्हाच म्हणू शकलो असतो ना — मला काळी चार वाजवता येत नाही? एवढं एकच वाक्य. चर्चचे पाळकसाहेब हसले असते, चार दिवस थट्टा झाली असती, वीज आल्यावर काम झालं असतं. पण मी पेटीपुढं बसलो आणि पांढरी एक धरली. मार्थाबाईंच्या पट्टीहून कितीतरी वर. ध्रुवपद त्यांनी कसंबसं निभावलं. अंतरा वर चढला, तसा आवाज फाटला.

“मास्तर, पट्टी वर लागलीय व्हय? जरा खाली घ्या की.”

“नेहमीचीच आहे,” मी म्हणालो.

पुन्हा घेतलं. पुन्हा फाटला. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या — आणि मी भाता हलवत राहिलो. रेकॉर्डिंगवाल्यानं हेडफोन काढून माझ्याकडं पाहिलं. बाईंची नेहमीची पट्टी कोणती, हे त्याला कुठं माहीत? सगळेच माझ्याकडं बघत होते. तेव्हा मी म्हणालो की त्यांचा सूर मुळातच कच्चा आहे. एरवी चर्चमध्ये घुमतं म्हणून खपून जातं, माईकपुढं उघडं पडतं.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. मी त्याच्याही पुढं गेलो — मला वाजवता येईना, आणि मी गाणारीचा गळा वाकडा ठरवला.

मार्थाबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पदराला हात पुसत एवढंच म्हणाल्या, “मंग इतकी वरसं तुमी मला सांगितलं का न्हाई?”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. याची मला जितकी लाज वाटते, तितकी त्या खोट्याचीही वाटत नाही. गाणं मग तरुण मंडळींनी मिळून म्हटलं. मोबाईलवर अजून ऐकायला मिळतं. खाली संगीत म्हणून माझं नाव आहे. मार्थाबाई त्यानंतर गायल्या नाहीत. रविवारी येतात, गीतांचं पुस्तक उघडून उभ्या राहतात, ओठ मिटलेले. मी मात्र घरी दार लावून एकेक करत सगळ्या पट्ट्या शिकलो. आता कुठूनही वाजवतो. कुणासाठी?

यंदा त्यांच्या लेकीला मुलगी झाली. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांच्या घरी जेवण होतं. लेकीची सासू बाहेरगावची, तिला जुनं काही ठाऊक नव्हतं. ती मार्थाबाईंच्या मागं लागली — नातीसाठी एक गीत म्हणाच. मार्थाबाईंनी बाळ मांडीवर घेतलं होतं. त्या हसल्या. मनात काहीही नसलेलं, साधं हसणं.

“न्हाई ओ इहीनबाई, माझा सूर लई कच्चा हाय. मास्तरांना इचारा, त्यांनीच वळखला.”

विहीणबाई माझ्याकडं वळल्या. पंगतीतले सगळेच वळले. मार्थाबाई समोर होत्या, लेक होती, पाळकसाहेब होते — सांगायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी हातातला घास तसाच धरून हसलो, आणि हो म्हणून मान हलवली.