सुभेदारांचा कागद

"लिखित में दो."

कोणी काहीही कबूल केलं की सुभेदारसाहेब उजवा तळहात पुढे करून एवढंच म्हणायचे. चेरीताल मोहल्ल्यात तुमचं घर असेल तर तुम्हालाही त्यांनी तो तळहात दाखवला असेल. पपईवाली म्हणाली, "गोड आहे भैया," की लगेच, "लिखित में दो." एकदा तिनं चिडून पपईवरच खिळ्यानं 'मीठी' कोरून दिलं. निघाली फिक्की. दुसऱ्या दिवशी साहेब ते कोरलेलं साल घेऊन हजर!

मी चौथी नापास शिंपी. छावणीच्या वर्द्या शिवण्यात जन्म गेला. सदरा कधी मिळेल ते त्यांनी माझ्याकडूनही लिहून घेतलं होतं. मी दोन दिवस आधी दिला आणि ती चिठ्ठी मागून घेऊन त्यांच्या तोंडासमोर फाडली. ते हसले. तेव्हापासून दोस्ती.

त्यांच्या पलटणीतला एक सोबती दवाखान्यात महिनाभर नळ्यांत अडकून गेला. साहेब रोज बघायला जायचे. तो गेला त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले.

"लढाईवर जाताना आम्ही इच्छापत्र लिहून पेटीत ठेवायचो. आता मरण कसं पाहिजे तेही लिहून ठेवतो."

त्यांचीही फुफ्फुसं तेव्हा निकामी होत चालली होती.

नोटरीसमोर कागद झाला. हिंदीत. बरं होण्याची आशा नसेल तर श्वासाचं मशीन लावू नये, घशात नळी घालू नये, शांत जाऊ द्यावं. साक्षीदार दोघं. एक मी, दुसरा त्यांचा हवालदार, तो पुढच्याच वर्षी वारला. वेळ आली तर डॉक्टरांसमोर शब्द मुलाचा. मुलगा पुण्याहून आला होता. 'मंजूर है' लिहून त्यानं ऐटीत सही ठोकली.

साहेबांनी एक झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. "ठेव."

"काहून? माझ्या जबानीला कागद लागते काय?"

"अरे गधे, ठेव."

नाही ठेवली. माझा ताठा.

दोन वर्षांनी साहेबांचा श्वास कोंडला. मुलगा आलेलाच होता, त्यानं दवाखान्यात नेलं. मशीन लावलं. मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो. "साहेबांनी लिहून ठेवलं आहे. मी साक्षीदार आहे."

डॉक्टर भला होता. "बाबूजी, कागद दाखवा. मी आजच डॉक्टरांचा बोर्ड बसवतो."

मी मुलाकडे पाहिलं. कागद साहेबांच्या पेटीत, पेटीची किल्ली त्याच्याकडे. तो म्हणाला, "कसला कागद? काका म्हातारे झाले." मग मला बाजूला घेऊन हळूच, "काका, समजून घ्या ना. लोक म्हणतील, बापाला मारलं."

मी आत गेलो. नळी उपटू नये म्हणून साहेबांचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. मला पाहून त्यांनी उजवा तळहात उघडला. त्यावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

नोटरीच्या दाराला कुलूप. तो मझौलीला शेतावर गेलाय हे कळायलाच आठ दिवस गेले. बसनं जाऊन त्याला धरून आणला, कपाटातून झेरॉक्स काढवली. दवाखान्यात पोचलो तेव्हा साहेबांच्या पलंगावर वॉर्डबॉय नवी चादर घालून राहिले होते.

तेराव्याला पानं वाढली. मुलगा हात जोडून उभा राहिला. "बाबांसाठी मी काही बाकी ठेवलं नाही. अकरा दिवस मशीनवर ठेवलं." पलटणीतले सात म्हातारे माना हलवत होते.

मी उठलो. मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून सगळा कागद वाचला. शेवटी 'मंजूर है' वाचलं, आणि त्याखालचं पोराचं नाव, बापाच्या नावासकट.

सातही म्हातारे वाढलेल्या पानांवरून उठले. चपला घातल्या. निघून गेले.

"काका, पाहुण्यांसमोर काहून?"

"तुला लोकांचीच भीती होती ना? घे. हे लोक."

आता शेजारी म्हणतात, झालं गेलं, सोडा. नाही सोडत. स्वतःलाही सोडलेलं नाही. पण मी मूर्ख होतो; तो खोटा होता.

कागद मी दुकानाच्या काचेला आतून चिकटवला आहे, अक्षरं रस्त्याकडे करून. पोरगा कधीमधी बंद घर बघायला येतो, तेव्हा पलीकडच्या कडेनं मान खाली घालून जातो. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्याच्या सहीची झेरॉक्स मोठी करून आणली. आता पलीकडूनही वाचता येते.