एका मशिनची चार गावं

कीबोर्डवर माझे हात गेले रे गेले, की दादा आपला रुंद पंजा माझ्या बोटांवर ठेवत. दाबत नसत, नुसता ठेवत. आणि विचारत, "आधी बोल. कुठं बसलायस?"

उत्तर मोठ्यानं द्यायचं. पुटपुटलेलं चालत नसे.

"ढोकाळीत बसलोय, दादा."

"मग कर."

मंडळी, तुम्ही म्हणाल, वागळे इस्टेटमधल्या थंडगार खोलीत बसून हा गडी ढोकाळीत कसा काय बसला? थांबा. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमची रंग बनवणारी कंपनी. ऑफिस ठाण्यात, कारखाना डोंबिवलीला. चार लोखंडी कपाटांएवढं मोठं कॉम्प्युटरचं मशीन ठाण्याच्या ऑफिसात, आणि त्या मशिनचे सर्वेसर्वा दादा. सगळं ऑफिस त्यांना दादाच म्हणे.

मशीन एकच होतं, पण दादांनी त्याच्या आत चार मशिनं वसवली होती. खोटी, म्हणजे हाताला न लागणारी. पण त्यातल्या प्रत्येकाला वाटायचं की सगळी कपाटं आपलीच. दादांनी त्यांना खाडीकाठच्या गावांची नावं दिली होती. विक्री खातं माजिवड्यात, गोदाम कोलशेतला, कारखान्याचं काम बाळकुमला. आणि आमच्यासारख्यांनी धडपडून शिकण्यासाठी ढोकाळी. या सगळ्यांना पोटात घेऊन बसलेलं जे खरं मशीन, त्याचं नाव खाडी.

दादा माजिवड्याच्या आगरी घरातले. वडिलांची हयात मिठागरात गेली. घरातले पहिले पदवीधर हेच. साहेबांशी शुद्ध बोलत, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला की गावची बोली वर येई.

"पानी येकच हाय," ते फळ्यावर चौकोन काढत सांगत. "खारीचं. बांध घातलं, चार वाफं केलं, का परतेक वाफ्याला वाटतं मीच खारी. ह्याचं पानी त्याच्यात जात नाय. येक वाफा सुकवला तरी बाकीचं भरलेलं."

"आणि खाडीच आटली तर?" मी विचारलं.

"मग चारी गेलं. म्हनून खारीच्या खुर्चीवर मी सोडून कोन बसनार नाय."

मी तिथल्या तिथं त्यांची नक्कल करून दाखवली. पंजा, आवाज, 'पानी येकच हाय', सगळं. नकलेची खोड मला शाळेपासूनची. खोलीत सर्वांत जास्त हसले ते दादाच. "मेल्या," म्हणाले, "माज्यापक्षी बरा बोलतंस."

मोठ्यानं बोलायची ती रीत दादांनी उगाच पाडली नव्हती. मशीन बंद करायचा हुकूम चारही गावांत आणि खाडीतही एकच. पडद्यावर फरक काय तो कोपऱ्यातल्या नावाचा, आणि रोज पाहिलेलं नाव डोळा वाचत नाही. म्हणून एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं. पाणी प्यायला उठले तरी दादा आपल्या नावाचा पडदा बंद करून जात.

आमचं एक मंडळही होतं. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातले आम्ही मशीनवाले महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एका शाळेच्या वर्गात जमायचो. पाचवीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली तीस-चाळीस मोठी माणसं! एकाला परदेशी जाडं पुस्तक मिळालं की पुढच्या महिन्यापर्यंत त्याच्या वीस झेरॉक्स. तिथं दादांचा शब्द चालायचा. कोणाचंही मशीन अडलं, की चिवड्याची पुडी बाजूला ठेवून तो दादांच्या बाकाशी सरकायचा. कंपनीत दादांना पगार मिळे. मान मिळायचा तो या वर्गात.

आता तो दिवस.

सकाळचे अकरा वाजले होते. डोंबिवलीहून कारखान्याचा फोन आला. फोन बाहेरच्या व्हरांड्यात. दादा उठले, पडदा बंद करायला वाकले, मग माझ्याकडं पाहिलं. "तू हाइस ना? बग जरा." आणि गेले. मी पाहिल्यापासून पहिल्यांदा ते पडदा उघडा ठेवून उठले, का, तर मी होतो.

मला ढोकाळी बंद करायची होती. माझ्या खुर्चीचा एक पाय डुगडुगायचा. दादांच्या खुर्चीवर वहिनींनी शिवलेली गादी होती, आणि वर थंड हवेचं तोंड. बसलो. सकाळपासून आम्ही दोघं ढोकाळीतच काम करत होतो, तेव्हा हा पडदाही ढोकाळीचाच असणार. विचारायला कोणी नव्हतं. आणि रिकाम्या खोलीत 'मी ढोकाळीत बसलोय' असं मोठ्यानं कोण बोलणार? वेडा म्हणतील. मी हुकूम दिला.

खडखडणारा प्रिंटर अर्ध्या ओळीत थांबला. कपाटांवरचे दिवे एकामागून एक विझत गेले. माजिवडा गेलं, कोलशेत गेलं, बाळकुम गेलं. कोपऱ्यातलं नाव मी तेव्हा वाचलं. खाडी.

दादा धावत आले. त्यांनी पडदा पाहिला, गादीवर बसलेला मी पाहिला. मला खांद्याला धरून उठवलं आणि कामाला लागले.

अर्ध्या तासात मोठे साहेब हजर. कारखान्यात रंगाची पिंपं अर्धवट मिसळून थांबली होती, गोदामाच्या नोंदी मधूनच तुटल्या होत्या. मशिनला जोडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर प्रत्येक हुकूम छापला जाई. काय हुकूम, किती वाजता, कोणाच्या नावानं. साहेबांनी कागद फाडून वाचला.

"हे तुमचं नाव आहे," ते दादांना म्हणाले. "तुम्ही केलंत?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. फार नाही, चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ. माझी नोकरी कायम व्हायला महिना होता. घरी बायको बाळंतीण, बाळ आठ दिवसांचं. मी बुटाची नाडी पाहत होतो. सुटलेली नव्हती तरी पाहत होतो.

"नाव माझंच आहे, साहेब," दादा म्हणाले.

"म्हणून मी ओरडत होतो! चौघांना एका खाटेवर झोपवलं की एक वळला तरी चौघं खाली. बस झाले हे खेळ."

तीन दिवस खपून दादांनी मोडलेल्या नोंदी पुन्हा उभ्या केल्या. त्यानंतर ठरलं की चार खात्यांना चार छोटी मशिनं घ्यायची आणि मोठं विकायचं. दादांची बदली डोंबिवलीच्या कारखान्यात, आत येणाऱ्या ट्रकच्या वजनकाट्यावर. मोठं मशीन विकलं जाईपर्यंत त्याची देखभाल माझ्याकडं. गादीसकट.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर खोपटच्या डेपोपर्यंत चालत गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. बोलले तेच.

"साहेबाफुडं नाय बोललास, बरा केलास. लेकरू लहान हाय तुजं. पन मंडळात सांग. ती आपली मान्सं, त्यांना कलेल. माजं नाव नको काढू, तुजं पन नको काढू. येवढंच सांग का बांधात खोट नव्हती. हुकूम चुकला, काम नाय चुकला. नायतर परत कोन करनार नाय."

"सांगतो, दादा. आईशपथ सांगतो."

मला शपथा घ्यायला आवडतात. घेताना माणूस फार चांगला दिसतो.

दुसरा शनिवार आला. दादांना काट्यावर पाळी होती, ते आले नाहीत. मी उठून उभा राहिलो. "मंडळी, आमच्याकडं एक अपघात झाला..."

मागून एकजण ओरडला, "खाडी आटली म्हणे तुमची!"

वर्ग हसला. बातमी माझ्याआधी पोचली होती. आता काय सांगू तुम्हाला? काही माणसांना दारूचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. माझं हशाच्या बाबतीत तसं आहे. माझा पंजा आपोआप वर गेला, आवाज आपोआप जाड झाला. "पानी येकच हाय!" मी म्हणालो, आणि पाचवीचे बाक हादरले.

दहा मिनिटांत गोष्ट तयार झाली. जन्मभर दुसऱ्याला 'कुठं बसलायस' विचारणारा माणूस एक दिवस स्वतःच विसरला की आपण कुठं बसलोय! गोष्ट उत्तम होती. तिला सुरुवात होती, शेवट होता, तिच्यात धडा होता. फक्त माणूस चुकीचा होता. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, तुम्ही नाटकात जायला हवं होतं," ते म्हणाले. एका कॉलेजात शिकवणारे, मोजकं बोलणारे सज्जन गृहस्थ.

बांधात खोट नव्हती, हे सांगायचं राहिलं. टाळ्या पडल्यावर सांगायला ते जरा फिकं वाटलं असतं.

पुढं दर दोन-चार महिन्यांनी फर्माईश होई, "ती खाडीची होऊ दे!" माझ्या हातात गोष्ट वाढत गेली. तिच्यात पान आलं, दुपारची डुलकी आली. दादा पान खात नसत, आणि झाली गोष्ट सकाळी अकराची. पण पानानं हशा चांगला येतो. मंडळात म्हणच पडली. एका मशिनवर दोन कामं वेगळी बसवू या का, असं कोणी विचारलं, की लगेच कोणीतरी म्हणे, "नको रे, खाडी होईल." कल्याणपासून ठाण्यापर्यंत कोणी पुन्हा तो प्रयोग केला नाही. एवढं मी एकट्यानं, निव्वळ नकलेवर केलं. दादा मंडळात परत आले नाहीत. त्यांना पाळी असते, असं मी सांगायचो.

नव्वदचं दशक संपत आलं, आणि बातमी आली की आता टेबलावरच्या छोट्या मशिनमध्येही अशी दोन-चार मशिनं वसवता येतात. परदेशात त्याचा मोठा बोलबाला. मंडळानं व्याख्यान ठेवायचं ठरवलं. या विषयाचा जाणकार आपल्यात कोण? अर्थात, मी! मी कधीच दुसऱ्या कंपनीत वरच्या जागेवर गेलो होतो. मोठे साहेब निवृत्त झाले होते. आठ दिवसांचं बाळ सायकल चालवत होतं.

डोंबिवलीच्या शाळेचा हॉल, दुपारचे तीन. मी फळ्यावर चौकोन काढले. खाडी, बांध, वाफे, सगळं समजावलं. कुठून शिकलो ते सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. मग चेहरे पेंगुळलेले दिसले, म्हणून खाडीची गोष्ट काढली. पंजा वर केला, 'पानी येकच' म्हणालो, आणि शेवटच्या रांगेत लोखंडी खुर्चीवर दादा दिसले.

केस पांढरे झालेले. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट. हात मांडीवर.

मी थांबलो नाही. नक्कल अर्ध्यावर सोडली तर पडते, कोणताही नकलाकार हे सांगेल. मी ती पानासकट, डुलकीसकट पुरी केली. हशा छान आला.

प्रश्न सुरू झाले. नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी उठली. "सर, मुख्य मशीन कोणी चुकून बंद केलं, तर आतल्या मशिनांना आधी कळवता येतं का? म्हणजे त्यांना सावरायला वेळ मिळेल असं?"

मला माहीत नव्हतं. मी खडू झटकला.

"येतं," मागून आवाज आला. दादा उभे होते. शुद्ध बोलत होते, साहेबांशी बोलत तसं. "बंद करायचा हुकूम आला की आधी प्रत्येक मशिनला निरोप जायला हवा. चारही उत्तरं आल्याशिवाय हुकूम पुढं जाणार नाही, अशी सोय लिहिता येते. आम्ही लिहिली होती. तपासून झाली होती. सोमवारी बसवायची होती, त्याच्या आधीच्या शुक्रवारी मशीन गेलं."

हॉल वळून त्यांच्याकडं पाहत होता. मंडळात आता नवी तोंडं जास्त, कोणी त्यांना ओळखलं नाही. अध्यक्ष म्हातारे झाले होते, त्यांनी चष्मा सावरला. "आपण कुठं असता?"

"इथंच, कारखान्यात. वजनकाट्यावर."

"वजनकाट्यावर? मग हे सगळं आपल्याला कसं ठाऊक?"

दादांनी माझ्याकडं बोट केलं. रागानं नाही, रस्ता दाखवावा तसं. "त्यांना विचारा," म्हणाले. "ते तिथं होते."

चाळीस माथी माझ्याकडं फिरली. मंडळी, माझं आता कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, साहेब ओरडणार नव्हते. फार तर ही चाळीस माणसं पाच मिनिटं हसायची थांबली असती. दादा उभेच होते. त्यांना घाई नव्हती.

मी तोंड उघडलं.

"अहो, काट्यावरच्या माणसाला काय विचारता," मी म्हणालो, "तिथं सगळ्यांचंच वजन कळतं!"

हॉल हसून कोसळला. दादाही हसले, चारचौघांत हसायची रीत असते म्हणून. मग त्यांनी आपली खुर्ची मिटली, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवली, आणि दाराशी गेले. चपलेचा पट्टा लागत नव्हता. ते वाकले, चौकटीला धरून परत वाकले.

"हं," मी हॉलला म्हणालो, "पुढचा प्रश्न?"