आतला पट्टा
मी सोफ्यांना कापड चढवतो. लोकांच्या बैठका ताठ करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. स्वतःचं पोट मात्र स्प्रिंग सुटलेल्या खुर्चीसारखं. फोटोपुरता श्वास कोंडून ते आत घ्यायचो आणि त्यालाच व्यायाम समजायचो.

एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोर ऐटीत आरामखुर्ची उचलायला वाकलो आणि नेमकी शिंक आली. पाठीत अशी उसण भरली की मी खुर्चीवरच पालथा! गिऱ्हाईक म्हणालं, "मजबूत दिसते हो. हीच द्या."

बायकोनं दंडाला धरून फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. बाई आमच्या लेकीच्या वयाच्या.

"काका, पोट आवळा बघू."

मी छाती फुगवून पोट पार पाठीला टेकवलं.

"आता बोला."

बोलतो कसला! डोळे तेवढे बाहेर आले.

"लग्नानंतर पहिल्यांदाच गप्प बसलेत," बायको म्हणाली, "राहू द्या असेच."

बाई हसल्या. "काका, तुम्ही नुसता श्वास कोंडताय. स्नायू झोपलेलाच आहे. पोटात सगळ्यात आत एक आडवा स्नायू असतो, कमरेला पट्ट्यासारखा वेढलेला. ओझं उचलण्याआधी तो आवळला की कण्याला आधार मिळतो. श्वास हळूहळू सोडा, बेंबीखालचा भाग अलगद आत घ्या आणि बोलत राहा."

"यानं पोट सपाट होईल?"

"ते जेवणाच्या ताटाला विचारा."

घरी सतरंजीवर गुडघे दुमडून उताणा पडायचो. कमरेच्या हाडाच्या जरा आत बोटं रुतवून स्नायू शोधायचो. बरेच दिवस बोटांना चरबीच भेटली. जोर लावला की बाहेरचे स्नायू मध्येच पुढेपुढे करायचे, आतला जागचा हलायचा नाही. मग एका सकाळी, जोर लावायचाही कंटाळा आला होता तेव्हा, बोटांखाली काहीतरी हळूच ताणलं गेलं.

"सापडला!" मी ओरडलो.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय सापडलं?"

"स्नायू!"

"कुणाचा?"

आता खुर्ची उचलण्याआधी श्वास सोडतो, पोट आवळतो, मगच हात घालतो. पाठ शहाण्यासारखी वागते. पोटाचा घेर जिथल्या तिथे. परवा मेहुणा आला. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "एवढा व्यायाम करता म्हणे. दिसत तर काहीच नाही."

"आतून आहे," मी म्हणालो.

त्यानं फार समजूतदारपणे मान हलवली.