शेवाळ चाटणारा मासा

माझी थोरली बहीण सासरहून परत आली तेव्हा मी उद्यमनगरात एका इंजिनच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. ताईचं सासर पेठ वडगावचं, गुळाच्या व्यापारातलं खातंपितं घर. दोनदा तिचा गर्भ वाया गेला, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हिच्या हृदयाच्या झडपेत दोष आहे, आता मूल नको, पुन्हा दिवस गेले तर हीच राहणार नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी तिला 'आरामाला' म्हणून आमच्या दारात आणून सोडलं. तो आराम काही संपला नाही. पुढं तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं, तेही आम्हाला बाजारात भलत्याच माणसाकडून कळलं. माझं वय झालं, दात गेले, पण त्या माणसांवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

घरात आम्ही तिघंच. वडील आधीच गेले होते. आई तोंडाची फटकळ आणि हाताला सतत काम लागणारी. दुःख झालं की ती भांडी घासायला बसायची, घासलेलीच पुन्हा घासायची. ताईला मात्र डॉक्टरांनी कामच करू नका म्हणून सांगितलेलं. ती खिडकीपाशी खुर्चीत बसून असायची. रस्त्यानं कुणी बाई कडेवर मूल घेऊन चालली की हिची मान तिच्याबरोबर वळायची, पार कोपऱ्यापर्यंत. ते मला बघवत नसे.

म्हणून मी माशांची टाकी करायची ठरवली. कारखान्यातल्या लोखंडी अँगलच्या तुकड्यांची चौकट जोडली, काचा कापून आणल्या, पुट्टी भरली. पहिल्यांदा पाणी ओतलं तेव्हा निम्मं जमिनीवर आलं. आई म्हणाली, "इंजिनं बी अशीच करतोस व्हय रं? मग देवच राखो शेतकऱ्यांना." ताई हसली. ती परत आल्यापासून पहिल्यांदाच हसली होती, म्हणून मी आणखी दोनदा पुट्टी भरायला तयार होतो.

मंडईजवळ शोभेचे मासे विकणारे एक चाचा होते. त्यांना माशांबद्दल जेवढं माहीत होतं त्याच्या दुप्पट ते बोलायचे. ताई हळूहळू चालत माझ्याबरोबर आली. तिथं सोनेरी मासे होते, झुपकेदार शेपटीचे होते, पण ती एका कोपऱ्यातल्या टाकीपुढं थांबली. काळे-पांढरे पट्टे असलेली एक जोडी त्या टाकीत एकटीच होती.

"ते झेब्रे हायत," चाचा म्हणाले. "सिक्लिड म्हणत्यात त्या जातीला. लई भांडकुदळ खानदान. दुसरा मासा टिकू देत न्हाईत. पण ताईसाब, पोरं सांभाळावीत तर ह्यांनीच. बाप बी राखण करतोय, आई बी."

ताईनं दुसरं काही बघितलंच नाही.

टाकी खिडकीत ठेवली, कारण ताईची खुर्ची तिथं. सकाळचं ऊन सरळ काचेवर यायचं. महिना-दोन महिन्यांत काचेला आतून हिरवं शेवाळ धरलं, आणि आतले झेब्रे धुक्यातून फिरावेत तसे दिसायला लागले. नेमकी तेव्हाच मादीनं अंडी घातली. संक्रांतीच्या सुगडातलं एक मातीचं बोळकं आम्ही आत आडवं टाकलं होतं, त्याच्या पोटाला आतून अंडी चिकटवलेली. ताईला ती नीट दिसेनात. तिनं बाही वर सारली, फडकं घेतलं आणि आत हात घालून काच पुसली. दुपारपर्यंत दोघा माशांनी सगळी अंडी खाऊन टाकली. मी चाचांना जाऊन विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हात घातला? मग झालं की. भ्याली जनावरं. शत्रूनं खाण्यापरास आपणच खाल्लेली बरी, असं वाटतं त्यांना."

मी हे ताईला सांगायला नको होतं, पण तिनं विचारलं आणि मला खोटं सुचलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बघायच्या हौसेपायी गेली म्हणायची." त्या दिवशी ती जेवली नाही. आईला वाटलं, छातीत दुखतंय.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता: हात न घालता काच साफ कशी ठेवायची. म्हणजे शेवाळ खाणारा मासा हवा. तो या दोन दांडगटांत टिकला पाहिजे, आणि अंड्यांना त्यानं तोंड लावता कामा नये. चाचांनी आधी काळ्या मोली नावाच्या बारक्या मासळ्या दिल्या. त्या बिचाऱ्या काचेला टोचा मारत फिरायच्या. झेब्र्यांनी दोन दिवसांत त्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या केल्या. मग गोगलगाई आणल्या. नरानं त्या एकेक करून उलथ्या पाडल्या आणि आतला जीव ओढून काढला. शेवटी चाचांनी मुंबईहून एक काळा, खवलेदार, काचेला तोंडानं चिकटून बसणारा मासा मागवला. त्याला सकर म्हणायचे. "ह्यो बघा झाडूवाला! रणगाडा हाय, ह्याला कोण हात लावत न्हाय."

रणगाडा खरंच होता. झेब्रे त्याच्यावर धावून जायचे आणि आपलंच तोंड शेकून परत यायचे. काच आरशासारखी झाली. ताईनं खुर्ची आणखी पुढं ओढली. पुन्हा अंडी पडली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सकर महाराज बोळक्यात तोंड घालून पडलेले, अंडी साफ. झेब्रे बाहेर वेड्यासारखे घिरट्या घालत होते. मी त्याला उचलून चाचांच्या दुकानात नेऊन आपटला. म्हणजे डब्यासकट. चाचांशी चार शब्द जास्तच बोललो.

ताई मात्र रागावली नाही. तिनं विचार केला होता. म्हणाली, "जे मिळंल ते खाणारा नको आपल्याला. ज्याला शेवाळाशिवाय दुसरं काय गोड लागत न्हाय, असा कोणतरी पायजे."

कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर शाहूवाडीकडचा एक जण होता. डबा खाताना मी हे गाऱ्हाणं सांगितलं तर तो हसायलाच लागला. "मुंबईहून कशाला मागवलास? आमच्या वड्याला मळ्या मासा हाय की. धोंड्याला चिकटून असतोय, दिवसभर चाटत बसतोय. दुसरं कामच न्हाय त्याला." पुढच्या सुट्टीला मी त्याच्याबरोबर एसटीनं गेलो. भाताच्या खाचरांखालून ओढा वाहत होता, गुडघाभर पाणी आणि मोठमोठे गोटे. गोट्यावर हात फिरवला की बोटभर लांबीचे भुरकट मासे सुळकन निसटायचे आणि पुढच्या गोट्याला चिकटायचे. दुधाच्या किटलीत पाच-सहा घेऊन आलो. एसटीत शेजारच्या आजोबांनी विचारलं, "पावणं, दूध हाय व्हय?" मी मासे म्हणालो तर म्हणाले, "मग झाकण उघडं का? मांजार न्हाय वाटतं घरात."

निवड ताईनं केली. किटलीतले मासे परातीत ओतून ती कितीतरी वेळ त्यांची तोंडं बघत होती. तोंड पूर्ण खाली हवं, ओठ पसरट हवेत, पोट चपटं हवं, आणि वर पाणी ढवळलं की वर न येता तळाला जाणारा हवा. दोन ठेवले, बाकीचे मी पंचगंगेत सोडून आलो. झेब्र्यांनी पहिले काही दिवस त्यांना पळवलं, पण ओढ्याच्या धारेत वाढलेला मासा तो, त्याला कोण पकडणार? दमून झेब्र्यांनी नाद सोडला. मळ्ये काचेवर चाटत फिरायचे, ते जातील तिथं स्वच्छ काचेचे पट्टे उघडे पडायचे. बोळक्याच्या बाहेरून चाटायचे, पण आत कधी गेले नाहीत.

भाद्रपद उतरता-उतरता तिसऱ्यांदा अंडी पडली. मादी पंखानं वारा घालत बसलेली, नर दारात. चौथ्या दिवशी मी कामावरून आलो तर ताईनं मला हातानं खुणावून जवळ बोलावलं. झेब्र्यांनी वाळूत खळगा करून बोळक्यातलं सगळं त्यात आणून ठेवलं होतं, आणि तिथं बारीक, पांढुरकं काहीतरी वळवळत होतं. डोळा आणि शेपूट, बाकी काही नाही. पोहायला यायला अजून वेळ होता. ताईचे डोळे भरून आले होते. मी आईला हाक मारणार तोच तिनं माझं मनगट धरलं.

"आईला सांगू नगंस. पवायला लागली की सांगू."

"का गं?"

"अगुदर सांगायचं नसतं," ती म्हणाली. आमच्याकडे तिसरा महिना सरल्याशिवाय बाई दिवस गेल्याचं कुणाला बोलत नाही, दृष्ट लागते म्हणून. ताई हे अर्ध्या थट्टेत म्हणाली. पण दोन्ही खेपेला तिनं घाईनं सगळ्यांना सांगितलं होतं, ते मला आठवलं आणि मी आईला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. तपासणी होती. एक मुक्काम पडला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी परतीच्या गाडीत तोंडावर दिसू दिलं नाही, निदान मला तसं वाटत होतं. ताई सबंध वाट माशांबद्दल बोलत होती. पिल्लांना अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायचा, का पिठी घालायची, हेच चाललं होतं.

घट बसायचे दिवस तोंडावर आले होते. घटाच्या आधी आमच्या कोल्हापुरात घर असं धुतात की भिंतीच काय त्या जाग्यावर राहतात. गोधड्या नदीवर जातात, डबे उन्हात जातात, फळीवरचं एकही भांडं बिनघासलेलं राहत नाही. आम्ही दारात आलो तर जमीन ओली होती आणि आई पदरानं हात पुसत हसत उभी होती.

"या, बघा तर खरं," ती म्हणाली.

टाकी लखलखत होती. काच राखेनं घासलेली, वाळू धुतलेली, गोटे काथ्यानं घासून पांढरे केलेले. बोळकंसुद्धा लाल झालं होतं. नव्या पाण्याला नळातल्या औषधाचा उग्र वास येत होता. झेब्रे कोपऱ्यात तिरके होऊन धापा टाकत होते, मळ्ये तळाशी पडलेले.

"शेजारच्या काकूंना घेतलं हाताशी," आई सांगत होती. "मोठी मासळी बादलीत काढली. पर पाण्यात किडं किती झालतं गं बाई! खाली सगळं वळवळत हुतं. डासाचं असणार. म्हटलं, आजारी माणसाच्या उशाला हे असलं! सगळं मोरीत ओतलं."

मी ताईकडे बघितलं. तिनं खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं ती आता पडणार, किंवा ओरडणार, आणि ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती काचेजवळ गेली, वाकून बघितलं.

"लई छान झालंय, आई," ती म्हणाली. "किती दमलीस. बस जरा."

आई खूश झाली. तिनं चहा टाकला. आम्ही तिघांनी तो बसून प्यायला.

त्यानंतर ताईनं पिल्लांचा विषय माझ्याजवळही काढला नाही. खिडकीचा पडदा मात्र ती दिवसभर बाजूला सारून ठेवायची. झेब्रे सावरले, पण मळ्यांना चाटायला काहीच उरलं नव्हतं, त्यांना आता शेवाळ हवं होतं. उकडलेला पालक दोऱ्यानं गोट्याला बांधून बघितला. त्यांनी हुंगलासुद्धा नाही. एक मळ्या दिवाळीच्या आत मेला. दुसरा डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेला, तसाच काचेला धरून राहिला. ताई थंडीत गेली, पौष लागायच्या आधी, दुपारी खुर्चीतच. आईला ती झोपलीय असं वाटलं म्हणून आईनं तिच्या अंगावर शाल घातली होती.

पुढं टाकीला कुणी हात लावला नाही. मी येता-जाता खाणं टाकायचो, एवढंच. काच पार हिरवी झाली, आणि तो एकटा मळ्या खाऊन-खाऊन गुबगुबीत झाला. त्यानं चाटलेल्या जागेतून आतलं दिसायचं, बाकी सगळं झाकलेलं. आई त्या खोलीत बसत नसे. उन्हाळ्यात एकदा मी घरी आलो तर ती ताईच्या खुर्चीत बसलेली दिसली, नाक काचेला लावून.

"अरे, किडं झालं हायत परत," ती म्हणाली. "पर ही दोघं त्यास्नी राखत बसलीत. कुणी खाईना."

आई बघत राहिली. मादीनं खळग्याबाहेर गेलेला एक जीव तोंडात उचलला आणि परत आणून बाकीच्यांत ठेवला. आईनं माझ्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा बदलत गेला.

"ही पिल्लं हायत न्हवं?"

मी मान हलवली.

"त्या बारीला मोरीत ओतली ती बी?"

मी खोटं बोलणार होतो, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"तिला ठावं हुतं," आई म्हणाली. "ठावं हुतं, आणि मला म्हणली, छान झालंय. दमलीस म्हणली." तिनं पदर तोंडाला लावला. "भांडायचं हुतं की रं तिनं माझ्याशी. लेकीनं आईशी भांडायचं न्हाय तर कुणाशी भांडायचं?"

ताई गेली त्या दिवशीही आई इतकी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.