आसगावच्या पाळीवरचे रोडगे

भंडाऱ्याहून आसगाव तसं लांब नाही. अड्याळवरून पवनी, तिथून दुसरी एसटी. तरी या दसऱ्याच्या सुटीत निघताना मला ते फार दूर वाटत होतं. यांच्या छातीच्या दुखण्यामुळे गेलं वर्षभर आमचं घर त्या खोकल्याच्या पलीकडे कुठे गेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बरे झाले. पण सासूबाईंचा नवस उरला होता: आसगावच्या तलावाच्या पाळीवर, मारुतीपुढे, उघड्यावर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे रांधायचे आणि रात्री तिथेच मुक्काम करायचा. नैवेद्य होईतो त्या पाणीही घेणार नव्हत्या.

अड्याळच्या बाजारात वांगी घेतली. तुम्ही गेलात तर तिथेच घ्या, पुढे मिळतीलच असं नाही. पवनी सोडली आणि पाऊस आला. निसवलेला धान, पाणी, आभाळ सगळं एकाच करड्या-हिरव्या रंगाचं झालं. गाडी चाललीय की शेतं वाहताहेत, कळेना.

उतरलो तेव्हा चूक लक्षात आली. गोवऱ्यांचं पोतं टपावर, आणि ताडपत्री आमच्या मांडीवर, कोरडी ठणठणीत!

"माय, गोवऱ्यांची आंघोळ झाली. नैवेद्य सोवळ्यातला होईल आता," हे म्हणाले.

"तू बोलू नको. मफलर बांध अन् देवळात बस."

पाळीवरून शेताकडची एक बाई येत होती. पोतं पाहून हसली. "अवो बाई, गोवऱ्या का भाजीपाला होय, पाणी मारून ताज्या ठेवाले?" मग घरी जाऊन टोपलीभर कोरड्या गोवऱ्या आणि पेटवायला धानाचं तणीस झाकून घेऊन आली.

पाऊस थांबेना. आमची शालू म्हणाली, "आजी, ताडपत्री खांबाले बांधू."

"खांब लागला का छप्पर झालं. नवस उघड्यावरचा हाय."

"अन् हातानं धरली तर?"

सासूबाईंनी मारुतीकडे पाहिलं. त्यांचे ओठ सुकले होते. "हाताचं छप्पर नसते," त्या म्हणाल्या.

मी, शालू आणि ती बाई, तिघींनी तीन कोपरे धरले. सासूबाई निखाऱ्यांत कणकेचे गोळे सरकवत होत्या. चौथा कोपरा लोंबत होता, त्यातून पाण्याची धार निखाऱ्यांकडे सरकत होती. एवढ्यात तो कोपरा वर उचलला गेला. हे उभे होते, ना शाल, ना मफलर.

"काहून भिजून राहिला रे? तुह्याचसाठी तं हे सारं!"

"म्हणून तं धरलं, माय. रोडगे पाह्य, जळून राहिले."

धूर ताडपत्रीखाली कोंडला. शालू खोकली, मी खोकले, ती बाई खोकली. मग हे खोकले. सासूबाईंचा चिमटा हवेतच राहिला. तलावावर पाऊस वाजत होता आणि आम्ही तिघी कान देऊन उभ्या होतो.

दुसरी उबळ आली नाही. तो धुराचाच खोकला होता, आमच्यासारखा. आला आणि गेला.

नैवेद्य झाल्यावर सासूबाईंनी ताडपत्रीवरून गळणारं पाणी ओंजळीत धरलं आणि प्यायल्या. रोडगे एका बाजूने करपलेले, वांग्याच्या भाजीत राख. तसं जेवण मी पुन्हा जेवेन असं वाटत नाही. मग ताडपत्री खांबांना बांधली आणि तिच्याखाली निजलो. सकाळी तलाव धुक्यात इतका निवांत होता की पाळीवरून उठावंसं वाटेना.

घरी आल्यावर ताडपत्री दोरीवर वाळत घातली. तिला अजून धुराचा वास आहे. काल फोडणीचा ठसका लागून हे खोकले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मीही मागे वळले नाही.