माईंची काठी आणि माझा लेथ

माझ्या सासूबाई दोनदा गेल्या. पहिल्यांदा फेब्रुवारीत, हॉस्पिटलात, न्यूमोनियाने. दुसऱ्यांदा मे महिन्यात, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या त्यांच्याच डायनिंग टेबलावर, माझ्या हातून.

माई म्हणजे भूलतज्ज्ञ डॉक्टर. आयुष्यभर सरकारी हॉस्पिटलात लोकांना झोपवलं आणि रिटायर झाल्यावर घराजवळच्या पबच्या पूल टीममध्ये शिरल्या. साडीवर कार्डिगन, पायांत स्पोर्ट्स शूज, हातात स्वतःची काठी. (पूल म्हणजे बिलियर्ड्सचा धाकटा भाऊ, काठीने बॉल टेबलाच्या भोकांत ढकलायचे. त्या काठीला क्यू म्हणतात, पण आमच्या घरी ती कायम काठीच.) समोरचा गडी नेम धरायला वाकला की त्या इतक्या गोड आवाजात त्याच्या बायकोची चौकशी करायच्या, की त्याला तिथेच गुंगी यायची!

अप्पा, म्हणजे माझे सासरे, जनरल प्रॅक्टिस केलेले कडक डॉक्टर. पबमध्ये पाऊल ठेवणार नाही, हा त्यांचा बाणा. दर गुरुवारी ते माईंना गाडीने सोडायचे आणि मॅच संपेपर्यंत कार पार्कमध्ये थर्मासमधला चहा पीत बसायचे. इतक्या वर्षांत एकदाही आत गेले नाहीत. माईंना खेळताना त्यांनी कधी पाहिलंच नाही.

माई गेल्यावर अप्पांनी बोलणं जवळजवळ बंद केलं. हीटिंग लावायचे नाहीत. आम्ही मिल्टन कीन्सहून डबे घेऊन जायचो, तर मागच्या शनिवारचे डबे फ्रीजमध्ये तसेच असायचे.

"अप्पा, वरणभात तरी?" माझी बायको केतकी विचारायची.

"नको."

"टीव्ही लावू?"

"नको."

अशात एका शनिवारी पूल टीमचा कॅप्टन टेरी दारात उभा राहिला. आडव्या अंगाचा माणूस, रिटायर्ड बस ड्रायव्हर. टोपी हातात धरून म्हणाला, "डॉक्टर, आम्ही तिच्या नावाने एक मॅच ठेवतोय. पहिला शॉट, ब्रेक, तुम्ही मारायचा. तिच्या क्यूने."

अप्पांनी कार्पेटवरून नजर उचलली. मग म्हणाले, "येस."

केतकी किचनमध्ये जाऊन रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा 'नको' सोडून दुसरा शब्द ऐकला होता!

काठी कपाटातून काढली, तर तिच्या टोकाची पितळी टोपी चिरलेली आणि त्यावरचं, बॉलला टेकणारं चामड्याचं बोंडूक गळून पडलेलं. टेरी म्हणाला, "काळजी नको, मार्केटजवळ क्यू दुरुस्त करणारा एक जण आहे. तासाभराचं काम."

"काठी घराबाहेर जाणार नाही," अप्पा म्हणाले.

"अहो अप्पा, दुपारी देऊन संध्याकाळी..."

"तीही 'दोन दिवसांत येते' म्हणूनच गेली होती."

टेरीने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. तेवढ्यात एका मूर्ख माणसाचा आवाज आला, "मग मशीनच घरी आणू या की!"

तो मूर्ख माणूस मी.

मी सॉफ्टवेअरमधला. घरात बल्ब बदलायचा तर केतकी मला स्टुलावरून उतरवते आणि स्वतः चढते. पण सासऱ्यांनी माझ्याकडे आशेने बघण्याचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता. "मंदारराव, जमेल तुम्हाला?" त्यांनी विचारलं आणि मी छाती पुढे काढून म्हटलं, "त्यात काय!"

क्यू दुरुस्तीचं मशीन म्हणजे लेथ, आणि लेथ म्हणजे वस्तू गरगर फिरवायची आणि तिला धारदार पातं लावून सोलायचं, एवढं ज्ञान मला व्हिडिओ बघून मिळालं. मग घरगुती, उचलून नेता येईल असा लेथ निवडण्यात मी रोजचा लंच ब्रेक घालवू लागलो. ऑफिसात सगळे सँडविच खायचे आणि मी स्क्रीनवर लेथच्या मोटारी न्याहाळायचो. पहिला लेथ मागवला. त्यावर 'पोर्टेबल' लिहिलं होतं. तो दोन माणसांनी धापा टाकत आणला आणि त्यातला एक जण जाताना कमरेला हात लावून मला शिव्या देत गेला! वर त्याचं मधलं भोक पेन्सिलीएवढं. काठी त्यातून आरपार जायला हवी, नाहीतर टोकाचं काम होणार कसं?

"भोक बघून घ्यायचं असतं हे तुला माहीत नव्हतं?" केतकीने विचारलं.

"वजन बघत होतो."

"मग वजन तरी बघितलंस का?"

दुसरा मात्र नेमका निवडला. खास क्यूसाठीच बनवलेला, हलका, भोक मोठं. सोबत एक मागचा आधारही सुचवला होता. काठीचा जो भाग मशीनच्या मागे लोंबतो, त्याला धरून ठेवणारा स्टँड. म्हटलं, हे चोचले कशाला? काठी काय पळून जाणार आहे?

(वाचकांनी हे वाक्य मोठ्याने वाचू नये. केतकी अजूनही वाचून दाखवते.)

लेथला मागच्या सीटवर पट्टा बांधून आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली होती. माईंच्या फोटोपुढे निरांजन लावलेलं. एखादी पूजा असावी तसा थाट, आणि भटजी मी!

काठीचे दोन भाग असतात, ते मधोमध स्क्रूने जोडतात. मी पुढचा निमुळता भाग सोडवला, मशीनमधून ओवला आणि टोक पकडीत घट्ट आवळलं. मागे हातभर लाकूड हवेत लोंबत होतं. मोटार हळू लावली. आणि सांगायला आश्चर्य वाटतं, सगळं जमलं! चिरलेली टोपी निघाली, नवी बसली. बोंडूक चिकटवलं, वाळू दिलं, कडा सोलून गोल केल्या. अप्पा चष्मा वर करून जवळ आले.

"छान," ते म्हणाले. "अगदी छान जमलं, मंदारराव."

इथे कोणत्याही शहाण्या माणसाने मशीन बंद केलं असतं.

"थोडं पॉलिश करतो," मी म्हटलं.

"मंदार, पुरे," केतकी म्हणाली.

"अगं, चमक यायला नको? जरा स्पीड वाढवतो."

वाढवला. मागचं लोंबतं लाकूड आधी थरथरलं. मग त्याचं टोक दिसेनासं झालं. मग अख्खं टेबल नाचायला लागलं, केतकी "बंद कर! बंद कर!" म्हणून ओरडली, मी बटण समजून भलतंच काही फिरवलं (ते स्पीडचंच होतं!), आणि काडकन आवाज झाला. काठी उडाली ती थेट शोकेसच्या काचेत. माईंच्या लग्नातल्या डिनर सेटचं काय झालं ते सांगत नाही.

मशीन थांबलं. पकडीत वीतभर तुकडा शिल्लक होता. त्याचं टोक मात्र फार सुंदर झालं होतं.

"गेली?" अप्पांनी विचारलं.

फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका तरुण डॉक्टरला त्यांनी हेच विचारलं होतं. याच आवाजात. मी तिथे शेजारी उभा होतो.

"अप्पा, मी..." म्हणत मी काचा वेचायला वाकलो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काचांतून उरलेली काठी उचलली, रुमालाने पुसली आणि माईंच्या शालीत गुंडाळली. मग स्वतः टेरीला फोन केला. "तो दुकानवाला कुठे आहे म्हणालात?"

दुकानापाशी मी गाडीतून उतरायचं नाही, असं ठरलं. (केतकीने ठरवलं.) अप्पांबरोबर टेरी आत गेला; तिथलं नंतर त्यानेच सांगितलं. दुकानदाराने काठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"माझ्या जावयाने," अप्पा म्हणाले.

दुकानदार गंभीर झाला. म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस."

त्याने उरलेल्या भागावर नवं टोक बसवलं. काठी झाली, पण आखूड आणि टोकाला जाडसर.

मॅचच्या दिवशी अप्पा पबच्या दारात थबकले. मग आत शिरले. सगळी माणसं उठून उभी राहिली. त्यांनी टेरीला विचारलं, "ती कुठे उभी राहायची?" टेरीने खिडकीजवळची जागा दाखवली. तिथून कार पार्क दिसत होता. अप्पांची गाडी लावायची जागा तर अगदी समोर.

"तुमच्याकडे बघून हात करायची ती," टेरी म्हणाला. "तुम्ही बहुतेक पेपर वाचत असायचा."

अप्पा खिडकीपाशी जाऊन तिच्या जागी उभे राहिले. मग टेबलाशी आले, वाकले आणि त्या आखूड काठीने पांढरा बॉल मारला. तो हळूहळू गेला आणि बाकीच्या बॉल्सपर्यंत न पोचताच थांबला. कोणी हसलं नाही. टेरी डोळे पुसत म्हणाला, "गुड ब्रेक, डॉक्टर." अप्पांनी मान हलवली. रात्री ते थोडा वरणभात जेवले, एवढंच.

काठी त्यांनी पबलाच दिली. तिथल्या टेबलाचा एक कोपरा भिंतीला इतका खेटून आहे, की लांब क्यू मागे ओढताच येत नाही. तिथे बॉल अडकला की ही आखूड काठी काढतात. टेरीने अप्पांना 'सन-इन-लॉ'ला मराठीत काय म्हणतात ते विचारून घेतलं आणि आता त्या कोपऱ्यात बॉल अडकला की अख्खा पब ओरडतो, "पास द जावई!"

मी केतकीला म्हटलं, "बघ, निदान अडीअडचणीला तरी लोकांना जावई आठवतो."

"आठवतो रे," ती म्हणाली, "पण बॉल भोकात जातो का?"

टेरीला विचारलं. जात नाही.