पिंडीचा उजवा हात

आमच्या गावापासून पिंगळीचं स्टेशन कोसभर. तिथून गाडीत बसलं की मनमाडच्या अलीकडे निजामाची मोगलाई संपायची आणि इंग्रजांचा मुलूख लागायचा. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई पेट्या उचकटून बघायचे, आणि आपला निजामी हाली रुपया पलीकडे कुणी हातात धरत नसे. त्यामुळे मी पुण्याला शिकायला जाणार म्हटल्यावर आईनं लंकेला निघाल्यासारखे डबे भरायला घेतले.

मी तेव्हा हैद्राबादच्या कॉलेजात होतो. तिथल्या एका प्राध्यापकांचा माझ्यावर जीव होता. त्यांनी ओळखीपाळखीतून पुण्याच्या एका कॉलेजात माझी एका टर्मपुरती सोय लावून दिली. पावसाळ्याच्या तोंडावर जायचं, दिवाळीला परतायचं आणि पुढची परीक्षा पुन्हा हैद्राबादेतच द्यायची. इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय त्यांनीच नक्की केले. चौथा मजमून, म्हणजे विषय, मोकळा ठेवला आणि म्हणाले, "हा तुझ्या वालिदना विचारून घे." भला माणूस. माझे वडील त्यांनी पाहिलेले नव्हते, म्हणूनच असा सल्ला दिला.

चौथ्या जागेसाठी दोन विषय होते, तर्कशास्त्र नाहीतर मराठी. तर्कशास्त्र ही वकिलीची पहिली पायरी, असं माझ्या काकांनी कुठूनतरी ऐकलं होतं. झालं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेवढंच धरून ठेवलं.

त्यांचं चूक होतं असं मी तेव्हाही म्हणू शकत नव्हतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेताच्या बांधाचा दावा परभणीच्या कचेरीत चालला होता. सगळा कारभार उर्दूत. निकाल वाचून दाखवला तेव्हा आप्पा हात जोडून उभे होते आणि दर वाक्याला "जी हुजूर" म्हणत होते. बाहेर आल्यावर कुणीतरी सांगितलं की बांध गेला. आपण स्वतःच्या विरुद्ध मान डोलवत होतो, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. घरात एक तरी वकील हवा, ही त्यांची इच्छा तिथली होती.

आणि मला मराठी हवं होतं. कारण सांगायला गेलं तर लोक हसतील असं होतं. गावातल्या शाळेची पाटी सुटल्यावर मला परभणीला घातलं, आणि तिथून पुढे जे काही शिकलो ते उर्दूत. सुट्टीत घरी आलो की आप्पा हौसेनं विचारायचे, "काय शिकायलास रे?" मी सांगायचो, "मुसल्लस." ते मान हलवायचे. "लय झाक," म्हणायचे. मुसल्लस म्हणजे तीन बाजूंची आकृती हे मला पक्कं ठाऊक होतं, पण घरच्या भाषेत तिला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. मग मी नुसता गप्प बसायचो आणि ते बैलांना वैरण टाकायला उठायचे. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. ते मला फार लागायचं.

पण आप्पांसमोर उभं राहून "मला हे पाहिजे" म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. मी चिडून धुसफुसत बसलो. शेवटी काकांनी तोड काढली. म्हणाले, "देवाला कौल लावू. देव म्हनंल ते."

कौलाची पद्धत साधी. देवाला दोन अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावात कौल लागायचा तो मारुतीला. पण आम्ही लिंगायत. आप्पा म्हणाले, "आपला देव सोडून दुसऱ्याला कसं पुसायचं? महादेवाला लावा." गुरवानं डोकं खाजवलं, पण आप्पांपुढे बोलणार कोण?

सकाळी आम्ही महादेवाच्या देवळात जमलो. गुरवानं पिंडीला दोन्हीकडून पाकळ्या लावल्या. आप्पांनी हात जोडून मोठ्यानं विचारलं, "पोरानं वकिलीचं शास्त्र घ्यावं का?" मी गाभाऱ्याच्या दाराशी उभा. पाकळ्या काही हलेनात. काका खोकले, तर आप्पांनी डोळे वटारले. खोकल्याचा वारा लागायचा म्हणून. आणि मग एक पाकळी सुटली, टप्प्याटप्प्यानं घसरत शाळुंकेत पडली.

"उजवा! उजवा दिला!" काका ओरडले.

"तुमचा उजवा हो तो," गुरव म्हणाला. "देवाचा डावा झाला की."

"देवाचा डावा कसा?"

"देव आपल्याकडं तोंड करून बसतोय न्हवं?"

"पिंडीला तोंड कुठं हाय?"

गुरव वाकून पिंडीला चहूबाजूंनी बघायला लागला. मारुतीला तोंड असतं, हात असतात, उजवं-डावं काय ते त्याच्याकडे बघून कळतं. पिंडी चहूकडून सारखी. मला इतकं हसू फुटलं की मी तोंडावर उपरणं धरून बाहेर पळालो. आत भांडण रंगलं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत.

दुपारी आमच्या घरी स्वामी जेवायला आले. स्वामी म्हणजे आमच्या घराण्याचे जंगम, लग्नकार्यापासून अंत्यविधीपर्यंत सगळं त्यांच्या हातून व्हायचं. काकांनी त्यांना सगळं रंगवून सांगितलं आणि न्याय मागितला. स्वामी आधी पोट धरून हसले. मग आप्पांच्या गळ्यातल्या लिंगाकडे बोट करून म्हणाले, "रोज सकाळी तळहातावर घेऊन बसता त्याला, आनि पुसायला देवळात गेलता व्हय? ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या हातात हाय. पोराच्या बी हाय. त्याला पुसलं का कुनी?"

 आईनं स्वामींच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी आप्पा पूजेला बसले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ. डाव्या तळहातावर लिंग, कपाळावर भस्म, डोळे मिटलेले. मी शेजारी माझी पूजा करत होतो, पण माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे. पूजा आटपून त्यांनी लिंग वस्त्रात गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सांग. तुला काय पायजे?"

"मराठी."

"घरात बोलतोस की. ते आनि पुण्याला जाऊन काय शिकायचं?"

 "आप्पा, मी येवढी वर्षं शिकायलोय, पन काय शिकायलोय ते तुमाला सांगता येत न्हाई मला. तुमी पुसायचं बी सोडलं."

 आप्पा उठले आणि पटका बांधून शेताकडे निघून गेले. मला वाटलं, गेलं सगळं. संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि आईला म्हणाले, "त्याला म्हनाव, मराठी घे." मी समोरच उभा होतो, तरी आईलाच सांगितलं. तसे होते आप्पा.

पुण्याची ती टर्म कशी गेली ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. मराठीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसायचो. माझं वाचन ऐकून पोरं खो खो हसायची, आणि मीही चिडून दोघा-तिघांशी बोलणं टाकलं होतं. पण खोलीवरच्या मुलांकडून मी एकेक शब्द गोळा केला. भूमितीचे, भूगोलाचे, इतिहासाचे. उर्दूतलं शिकलेलं सगळं मनातल्या मनात मराठीत मांडून बघायचो. आप्पांना सांगताना कुठे अडेन, ते आधीच बघून ठेवायचो.

दिवाळीला घरी आलो. संध्याकाळी आप्पा अंगणात बसले होते. मी जवळ जाऊन बसलो. त्यांनी विचारलं नाही, मीच सुरुवात केली. पुण्यात वाचलेलं एकेक सांगत गेलो. जुने राजे, त्यांचे किल्ले, बाजारात भाव का चढतो आणि का पडतो. ते मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. "जी हुजूर" म्हणणारा तो माणूस मला अडवून प्रश्न विचारत होता, "असं कसं? पुन्यांदा सांग." 

टर्मचं सगळं सांगून झालं. मी उठायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"हे पुण्याचं झालं," ते म्हणाले. "आता मागचं सांग. परभणीला घातलं तवापासनं."

मी पुन्हा खाली बसलो. अंगणातल्या मातीत बोटानं तीन रेघा ओढल्या आणि म्हणालो, "आप्पा, हा त्रिकोण."